सत्तावन्न हजार छबी, तीन आणे

कलेवर पोट भरणाऱ्या माणसाला एक प्रश्न जन्मभर चुकत नाही. केलेल्या कामाचे घ्यायचे किती? माझे वडील करवीर दरबारचे गवई. दरबार होता तोवर त्यांना हा प्रश्न पडला नाही. तनखा ठरलेला, सणासमारंभाची बिदागी महाराजांच्या मर्जीवर. देणाराने द्यावे आणि घेणाराने मुजरा करून घ्यावे, असा तेव्हाचा रिवाज. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि शिकवणीचा दर स्वतःच्या तोंडाने सांगण्याची पाळी आली, तेव्हा त्यांना आकडा उच्चारणे मोठे कठीण गेले. मी बेळगावला शहापुरात गाण्याचे वर्ग चालवतो. मला आकडा सांगावाच लागतो. पण समोरचे गृहस्थ, महिन्याला तास किती आणि तासाला राग किती, असा हिशेब मांडू लागले की घरातला तो जुना संकोच माझ्याही जिभेवर येऊन बसतो.

आमच्या गावातल्या फोटोग्राफर मंडळींची अवस्था याहून अवघड आहे. पूर्वी लग्नाचा मुहूर्त धरण्याआधी स्टुडिओत जाऊन फोटोवाल्याला सांगून ठेवावे लागे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि मुलीचा बाप दर ऐकल्यावर सहज विचारतो की, बटण दाबण्याचे एवढे पैसे कसले? या प्रश्नाला सरळ उत्तर देणे सोपे नाही. काच, कागद, औषधे यांचा खर्च दाखवता येतो. नजरेचा खर्च कोणत्या रकान्यात लिहावा? हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाच्या वाट्याला आला आणि त्याने त्यापायी दोन धंदे सोडले, दोनदा भागीदारी मोडली, घरातले सोने मोडले आणि जाता जाता एक नवा उद्योग या देशाला देऊन ठेवला. ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांना सारे ओळखतात. त्याआधी ते पेशाने फोटोग्राफर होते आणि त्यांचा तो धंदा चालला नव्हता, ही बाजू मात्र सहसा कोणी उलगडून पाहत नाही. आज ती पाहू.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. घराणे वैदिकाचे, वडील दाजीशास्त्री संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. शास्त्रीबुवा मुंबईस अध्यापक म्हणून गेले आणि धुंडिराज १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. आम्हा बेळगावकरांना यात एक गंमत वाटते. नेमक्या त्याच साली आमच्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा एक मुलगा चित्रकला शिकण्यासाठी त्याच शाळेत आला होता. तो म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. रंग ओळखण्यात डोळे दगा देतात असे कळल्यावर लक्ष्मणरावांनी कुंचला ठेवला आणि यंत्राच्या आराखड्यांकडे मोर्चा वळवला. पुढे त्यांनी बंधू रामूअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. त्या काळी एक सायकल सातशे ते हजार रुपयांस जाई आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घेतले जात. हे पंधरा रुपये मला फार बोलके वाटतात. वस्तूची किंमत एक आणि ती अंगवळणी पाडून देणाऱ्या विद्येची किंमत दुसरी, हा भेद त्या दुकानाने पहिल्या दिवसापासून वेगळा मांडून ठेवला. फाळक्यांना हा भेद कधी साधला नाही. त्यांच्या हाती विद्या लक्ष्मणरावांपेक्षा कमी नव्हती. विद्येचे बिल वेगळे करण्याची हातोटी तेवढी नव्हती.

मुंबईचा अभ्यासक्रम आटोपून धुंडिराज थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या त्या नगरीत प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर यांचे कलाभवन नुकतेच उभे राहत होते. तेथे फाळक्यांनी तैलचित्रे, जलरंग, वास्तुकला, मूर्तीचे साचे, जे जे हाताने करता येते ते ते शिकून घेतले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या नमुन्यास सुवर्णपदक मिळाले. त्यावर खूश होऊन एका चाहत्याने त्यांना कॅमेरा भेट दिला. गज्जरांनी त्यांना रतलामास पाठवून तिरंगी ठसे आणि शिळाछापाचे तंत्र शिकण्याची सोय केली; परत आल्यावर कलाभवनाची प्रयोगशाळाही वापरू दिली. एवढी तयारी करून १८९५ च्या सुमारास ते गोध्रा गावी गेले आणि त्यांनी फोटोग्राफीचा धंदा मांडला.

हा धंदा त्या वेळी जगभर कसा चालत होता, हे थोडे पाहिले पाहिजे. फोटोचा दर ठरवण्याचे गणित तोवर दोनदा उलटेपालटे झाले होते. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच काचेवर आठ छोट्या छबी टिपण्याची युक्ती काढून तिचे हक्क मिळवले. काच एक, औषध एक, मेहनत एक आणि फोटो आठ. साहजिकच दर कोसळले. सरदारांच्या दिवाणखान्यातली छबी दुकानदाराच्या घरात आली आणि दिस्देरी श्रीमंत झाला. मग तीच युक्ती प्रत्येक गल्लीतल्या फोटोवाल्याने उचलली, चढाओढीत दर आणखी खाली गेले, आणि १८८९ साली दिस्देरी निष्कांचन अवस्थेत वारला. दुसरा फेर अमेरिकेत झाला. १८८८ साली कोडॅक कंपनीने शंभर छबींचे फिल्म भरलेला पेटीकॅमेरा पंचवीस डॉलरला विकायला काढला. शंभर छबी टिपून झाल्या की पेटी कारखान्याकडे पाठवायची आणि दहा डॉलर भरायचे. छबी धुऊन, छापून, पेटीत नवे फिल्म भरून सारे घरी परत येई. आजचा मोबाइल हा त्या पेटीचा नातू समजावा. बटण दाबणे वेगळे आणि फोटो सिद्ध करणे वेगळे, ही फोड तेव्हाच झाली.

गोध्र्याच्या गिऱ्हाइकाला मात्र यातले काही ठाऊक नव्हते. त्याची अडचण दराची नव्हतीच. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि ज्याची छबी काढली त्याचे आयुष्य घटते, अशी लोकांची समजूत होती. ज्या वस्तूने मरण ओढवते ती चार आण्यांत मिळाली काय आणि फुकट मिळाली काय, तिच्यापुढे बसणार कोण? दर उतरवून गिऱ्हाईक येत नाही असा धंदा फाळक्यांच्या वाट्याला आला. त्यातच प्लेगाने घाला घातला. १९०० साली पत्नी आणि मूल दोघेही गेली. ते बडोद्यास परतले. तेथेही तीच समजूत आडवी आली. राजघराण्यातल्या एका तरुणानेसुद्धा आयुष्य घटेल म्हणून कॅमेऱ्यापुढे बसण्याचे नाकारले होते. फाळक्यांनी दरबारात फोटोग्राफीचे गुण समजावून सांगितले, त्या राजपुत्राची खात्री पटली; पण दरबाराची खात्री पटली म्हणून बाजाराची पटते असे नाही. अखेर त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले.

आमच्या लक्ष्मणरावांनाही असाच अनुभव आला होता. त्यांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते असे शेतकरी म्हणत, आणि पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली. नांगराची एक सोय असते. एकाने धाडस करून नांगरट केली, पीक चांगले आले, की शेजारी बांधावरून पाहतो आणि त्याचे भय जाते. फोटोचे पीक असे दिसत नाही. छबी काढलेला माणूस पुढे दहा वर्षे धडधाकट जगला तरी त्याचे श्रेय कॅमेऱ्याला कोण देणार? आणि दैवयोगाने तो वर्षभरात गेला, तर दोष तेवढा पक्का होतो. आपल्या जुन्या वाड्यांतल्या भिंती पाहा. देवघराशेजारी हार घातलेली जी छबी असते, ती पुष्कळदा कुठल्याशा समूहचित्रातून मोठी करून घेतलेली असते, कारण आजोबा हयात असताना त्यांची स्वतंत्र छबी काढून ठेवण्याचे कोणाला सुचले नव्हते. जिवंतपणी जिच्यासाठी रुपया मोडवला नाही, तिच्यासाठी तेराव्यानंतर वाटेल ते मोजायला घर तयार होते. फोटोचे मोल असे उशिरा कळते. धंदा करणाऱ्याला दर मात्र त्याच दिवशी सांगावा लागतो.

यानंतर काही काळ फाळके एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने त्यांनी खेळही केले. त्या विद्येचा पुढे पडद्यावर किती उपयोग झाला, हे सर्वश्रुत आहे. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू गिरिजा करंदीकर या किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यातल्या. ही मंडळी काढणारे अण्णासाहेब किर्लोस्कर पुन्हा आमच्या गुर्लहोसूरचेच. लग्नानंतर गिरिजाबाईंचे नाव सरस्वतीबाई झाले. ते वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्यांच्याकडे वळायचे आहे.

१९०३ साली फाळक्यांना पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी लागली. दर ठरवण्याची कटकट संपली, महिन्याच्या महिन्याला पगार हाती येऊ लागला. पण वंगभंगाच्या चळवळीचे आणि स्वदेशीचे ते दिवस. १९०६ साली त्यांनी नोकरी सोडली आणि लोणावळ्यास छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या नावाने चालणारा छापखाना जवळच मळवलीला होता आणि तोवर तो श्लायखर नामक जर्मन गृहस्थांच्या हाती गेला होता. त्या छापखान्याची शिळाछापाची कामे फाळक्यांकडे येऊ लागली.

या छापखान्यात किमतीचा एक मोठा धडा होता. रविवर्म्याचे तैलचित्र राजेमहाराजांनाच परवडे. तेच चित्र शिळेवर उतरवून हजारोंनी छापले, तेव्हा लक्ष्मी आणि सरस्वती सामान्य माणसाच्या घरी गेल्या. एका चित्राला एका धनिकाकडून मोठी रक्कम घ्यावी, की हजारो घरांकडून थोडे थोडे घ्यावे, हे दोन मार्ग. पहिला माझ्या वडिलांच्या दरबाराचा, दुसरा बाजाराचा. फाळक्यांनी दुसरा मार्ग लोणावळ्यास डोळ्यांनी पाहिला आणि हातांनी गिरवला. कारखाना पुढे दादरला आला, १९०८ साली त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाले, १९०९ साली ते रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीस जाऊन आले. काम नावाजले गेले. मग भागीदारांशी खटके उडाले आणि फाळके बाहेर पडले. बाहेर पडताना त्यांनी पदरात काही पाडून घेतले नाही. दुसरा छापखाना काढून देण्यास भांडवलवाले तयार असताना त्यांनी तेही नाकारले. ज्या माणसाला छपाईच्या प्रत्येक रंगाचा खर्च पैपर्यंत ठाऊक, त्याने स्वतःच्या निघून जाण्याचा हिशेब मांडलाच नाही.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १९१० - ११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आणि त्या जागी राम - कृष्ण दिसू लागल्याने त्यांना ध्यास लागला. अभ्यासापायी काही काळ दृष्टीही गेली. औषधोपचारांनी ती परत आली. बारा हजारांचे विम्याचे कागद तारण ठेवून त्यांनी मित्रांकडून दहा हजार रुपये उभे केले, फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले, पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि धुण्याछापण्याचे साहित्य मागवण्याची व्यवस्था केली आणि एप्रिलात ते परत आले. भांडवल पुरवणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी कुंडीत वाटाणे पेरून महिनाभर त्या रोपाची चित्रे घेतली आणि मिनिटाभरात बीजाचा वेल होताना दाखवला. सावकाराला यापेक्षा चांगले कोष्टक कोणी दाखवले नसेल.

पहिला बोलबाला झालेला चित्रपट, राजा हरिश्चंद्र, सुमारे सात महिन्यांत सिद्ध झाला. बायका कॅमेऱ्यापुढे उभ्या राहायला तयार नव्हत्या. ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत अण्णा साळुंके नावाचा तरुण दहा रुपये पगारावर काम करत असे. त्याला पंधरा रुपये देऊन फाळक्यांनी तारामती केले. पुढे लंकादहनात राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच साळुंक्यांनी वठवल्या. दहाचे पंधरा करणे ही किंमत मला योग्य वाटते. माणूस हातचे काम सोडून अनोळखी धंद्यात येतो, तेव्हा पगारात त्याच्या धास्तीचेही पैसे धरावे लागतात. दुसऱ्याच्या बाबतीत फाळक्यांना हा विवेक होता.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. तेव्हा एखादा खेळ तीन - चार दिवस चालला तरी पुष्कळ. हा तेवीस दिवस चालला. मुंबईने तोल सांभाळला, पण खरी परीक्षा सुरतेस झाली. तेथे पहिल्या दिवसाचा गल्ला अवघा तीन रुपये भरला, असे सांगतात. कारण उघड होते. नाटकाला दोन आणे दिले की सहा तास बसता येई, रात्र साजरी होई. हा खेळ तासा - दीडतासात आटोपणार आणि दर तीन आणे. ज्या गावात वेळावर किंमत ठरते, तिथे चित्रपट महाग ठरला. दर खाली आणावा किंवा खेळ लांबवावा, हे दोनच उपाय कोणालाही सुचले असते.

फाळक्यांनी दोन्ही केले नाहीत. त्यांनी जाहिरात बदलली. या खेळात ५७ हजार छायाचित्रे आहेत, चित्राची लांबी दोन मैल आहे, आणि हे सारे केवळ तीन आण्यांत पाहायला मिळेल, अशा आशयाची ती जाहिरात होती. गल्ला दिवसाला तीनशे रुपयांवर गेला, असे म्हणतात.

संगीताच्या मास्तराला मात्रा मोजायची खोड असते, म्हणून मी हा हिशेब करून पाहिला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. राजा हरिश्चंद्राची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. म्हणजे ५९ हजारांच्या आसपास चित्रे भरतात. तेव्हा ५७ हजार हा आकडा बढाईचा नव्हता, उलट थोडा हात राखूनच दिलेला होता. दोन मैलांची गोष्ट निराळी. दोन मैलांचे होतात १०,५६० फूट. प्रत्यक्षात फिल्म पाऊण मैलाचीही नव्हती. दुकानदारीची फोडणी त्यात पडली आहे, हे कबूल केले पाहिजे. तीन आण्यांच्या त्या काळी छत्तीस पै होत. म्हणजे एका पैला दीड हजारांहून अधिक छबी! गोध्र्यात ज्याला एका छबीला गिऱ्हाईक मिळत नव्हते, त्याने सुरतेत एका तिकिटावर ५७ हजार विकल्या.

या युक्तीतले मर्म नीट पाहावे. फाळक्यांनी खर्च वाढवला नाही, दर उतरवला नाही, चित्रपटातला एक तुकडाही बदलला नाही. गिऱ्हाईक ज्या मापाने मोजत होते ते माप फक्त त्यांनी बदलले. लोक तास मोजत होते. त्यांनी छबी मोजायला लावल्या. फोटो ही महाग आणि दुर्मीळ वस्तू आहे, एवढे एव्हाना सुरतेच्या माणसालाही ठाऊक झाले होते. त्या ओळखीच्या वस्तूच्या ओंजळीने नवी वस्तू मोजून दाखवली, आणि महाग वाटणारा खेळ एकाएकी स्वस्त वाटू लागला. धंद्यात दर सांगणे हे अर्धेच काम असते. तो कशाचा दर आहे हे सांगणे उरलेले अर्धे. आमचे फोटोग्राफर मित्र आजही फोटोंच्या संख्येवर दर सांगतात आणि मग संख्येनेच अडकतात, कारण संख्या आता कोणालाही फुकट मिळते. १९१३ साली जे माप चालले ते आज उलटे बसते. आता त्यांना पुन्हा वेगळे माप शोधावे लागेल: निवड, धीर, आजीच्या चेहऱ्यावरचा तो एक क्षण ओळखण्याची नजर.

यानंतर दिवस पालटले. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांची वाहवा झाली, इंग्लंडात राहून चित्रपट काढावेत म्हणून भरघोस पगाराची बोलणीही पुढे आली. हा उद्योग मायदेशीच उभा राहिला पाहिजे म्हणून त्यांनी ती नाकारली. महायुद्ध पेटले, भांडवल आटले, कर्ज वाढले. मग १९१७ साली लंकादहन आला. मुंबईत सकाळी सातपासून मध्यरात्र उलटेपर्यंत खेळ चालत. मद्रासेस तिकिटांची नाणी पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. आण्या - पैशांनी भरलेली ती बैलगाडी डोळ्यांपुढे आणली की रविवर्म्याच्या छापखान्यातला धडा कसा फळास आला ते दिसते. हजारो माणसे, प्रत्येकाचे चार पैसे, आणि बैलांना ओढावे लागेल एवढे वजन.

त्या वजनापाठोपाठ धनिक आले. लोकमान्य टिळकांसारख्यांच्या पुढाकाराने मोठी कंपनी काढण्याचा विचार झाला, पण तो तडीस गेला नाही. १९१८ च्या आरंभी पाच भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. कृष्णजन्म, कालियामर्दन असे चित्रपट गाजले. कालियामर्दनात त्यांची मुलगी मंदाकिनी बालकृष्ण झाली. पण चित्रपट लवकर आणि कमी खर्चात निघावेत असे भागीदारांचे म्हणणे, आणि मनासारखे होईपर्यंत फाळक्यांचा हात थांबत नसे. माल कसा हे करणारा सांगणार आणि तो कितीला परवडतो हे पैसेवाला सांगणार, अशी वाटणी झाली की भांडण ठरलेलेच. आमच्या निपाणी भागात तंबाखूचे पीक शेतकऱ्याचे आणि पानाला हात लावून दर सांगणारा व्यापारी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. १९८१ साली त्यावरून केवढे आंदोलन पेटले, ते सीमाभागातला माणूस विसरलेला नाही. शेतकऱ्याला निदान रस्त्यावर बसता आले. एकट्या कलावंताला तेही करता येत नाही. तो निघून जातो. फाळके काशीस निघून गेले, तेथे त्यांनी रंगभूमी नावाचे नाटक लिहिले; ते मुंबईत आले आणि पडले. मग ते परत त्याच कंपनीत आले, पण आता पगारदार म्हणून.

इकडे आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली होती, प्रभातचे तरुण त्याच शाळेतून बाहेर पडले आणि मूकपटाचा बोलपट झाला. वयाच्या चौसष्ट - पासष्टीत फाळक्यांना छत्रपती राजाराम महाराजांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी बोलावून घेतले. गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट, आणि एकमेव बोलपट, १९३७ साली कोल्हापुरात पुरा झाला. त्याला अडीच लाख रुपये लागले. संगीत विश्वनाथबुवा जाधवांचे. बाजारात आयुष्य घालवलेला हा माणूस अखेरीस दरबाराच्या आश्रयाला आला, हे माझ्यासारख्या दरबारी गवयाच्या मुलाला विशेष जाणवते. दरबार दर विचारत नाही. पण तोवर प्रेक्षक बदलले होते. दरबाराने बोलावले तरी तिकीट बाजारातच फाडावे लागते. गंगावतरणाने त्यांना पूर्वीचे वैभव दिले नाही. ते नाशिकला परतले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच निवर्तले. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा चित्रपटातला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. तेराव्यानंतर छबी मोठी करून लावण्याची आपली रीत सरकारनेही पाळली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता सरस्वतीबाईंकडे येऊ. त्या काळी कच्ची फिल्म भोके न पाडलेली येई. भोके पाडण्याचे यंत्र हाताने चालवावे लागे आणि तेही अंधारात, नाही तर फिल्मला उजेड लागे. दादरच्या घरी रात्री हे काम सरस्वतीबाई करीत. एका चित्राच्या दोन्ही बाजूंना चार - चार भोके पडतात. ५७ हजार चित्रांची साडेचार लाखांहून अधिक होतात. ही केवळ मूळ फिल्मची. पडद्यावर दाखवायच्या प्रतीची वेगळी. दिवसा त्याच बाई उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत, फिल्म धुण्यास हात लावत, आणि साठ - सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधत. भांडवल कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांनीच उतरवून दिले.

फाळक्यांच्या हिशेबात साळुंक्यांचे पंधरा रुपये आहेत, विल्यमसनचे पन्नास पौंड आहेत, विम्याच्या कागदांवरचे दहा हजार आहेत. या साडेचार लाख भोकांचा आकडा कुठे नाही. सुरतेच्या जाहिरातीत छबी मोजल्या गेल्या, मैल मोजले गेले. ज्या रात्रींवाचून यंत्रातून एक छबी पुढे सरकली नसती, त्या मोजल्या गेल्या नाहीत. आपल्या मैफलीतही असेच चालते. गवयाची बिदागी ठरते, तबलजीची ठरते. मागे तंबोरा धरून जो तीन तास सूर ढळू देत नाही, त्याच्या हाती पुष्कळदा एक नारळ पडतो. म्हणून दर ठरवायला बसलेल्या प्रत्येक कलावंताला, मग तो फोटोग्राफर असो की माझ्यासारखा मास्तर, मी एवढेच सुचवीन. आपला आकडा सांगण्याआधी घरात एकदा विचारावा. त्यात कोणाच्या रात्री मोडल्या आहेत हे कळले, म्हणजे आकडा उच्चारताना जीभ अडखळणार नाही, आणि समोरचा घासाघीस करू लागला तर किती खाली यायचे नाही, हेही कळेल.